खणात राहिलेला डाव

माझ्या पाटीवरून कधी कोणी गेलं नाही. नाव घेण्यासारखी एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात केली, आणि तीही वाळूत. दुपारपर्यंत ती वाळू पाण्याखाली जायची. पुरावा मागाल तर काही नाही.

खेळ आट्यापाट्यांचा. आम्ही नुसतं पाट्या म्हणायचो. कुणकेश्वराच्या खालच्या अंगाला आमची वाडी, सगळी रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढणाऱ्यांची. होळी झाली की चार-पाच दिवस जाळं वर, होड्या वर, आणि माणसं रिकामी. त्या दिवसांत सकाळी सुकती असते. पाणी लांबवर जातं आणि खाली घट्ट ओली वाळू उघडी पडते, शेणाने सारवलेल्या खळ्यासारखी. तिच्यावर वल्ह्याच्या दांड्याने आडव्या रेघा मारायच्या. ती एकेक पाटी. मधून एक उभी रेघ ओढली की दोन पाट्यांमध्ये दोन खण होतात. अर्धे गडी एकेका पाटीवर उभे राहतात. बाकीचे जमिनीच्या बाजूने शिरतात, एकेक पाटी चुकवत समुद्राकडे जातात आणि तसेच परत येतात. पाटीवरच्याने आपली रेघ सोडायची नाही. रेघेवर पाय ठेवूनच हात लावायचा. हात लागला की गडी बाद. उभ्या रेघेवरही एक जण धावता असतो, पण तो दुसऱ्याच बाजूला जास्त मिरवायचा, त्याचं इथे काम नाही.

समुद्राकडची शेवटची पाटी माझी. ती कोणाला नको असायची. बाकीच्या पाट्यांवर गप्पा चालतात, मागचा पुढच्याला टोमणे मारतो. शेवटच्याच्या मागे नुसता समुद्र. शिवाय सकाळचं ऊन माडांच्या शेंड्यांवरून सरळ डोळ्यांत येतं, त्यामुळे येणाऱ्याचं तोंड दिसत नाही. मला पाटी दिली तीही मी त्यातल्या त्यात लहान आणि गरीब म्हणून. पुढे लोक म्हणायला लागले की त्या पाटीवर माझा हात बसला आहे. हात कसला बसतो? तोंड दिसत नाही म्हणून मी माणसाची सावली बघायला शिकलो. माणूस यायच्या आधी त्याची सावली पाटीवर येते. खांद्याने कितीही हूल दिली तरी सावलीचे पाय कुठे वळले ते वाळूवर दिसतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकायला मागे कोणी नव्हतं.

खेळाआधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. देवळातल्यासारखंच, पण निम्मी थट्टा. आमचा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, नारळ हातात धरून उभा राहायचा आणि कोण कुठल्या पाटीवर आहे ते देवाला सांगायचा. कोणाचं काय चांगलं, काय वाईट, सगळं. बायकोला भिणाऱ्या एकाबद्दल म्हणायचा, "ह्यो बायलेक भियाता, पण पाटयेर भियाणा नाय." सगळे ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" माझ्यापाशी आला की आवाज जरा उतरवायचा. "बा देवा म्हाराजा, शेवटच्या पाटयेर जो उभो आसा, त्येच्या हातसून अजून कोण सुटलो नाय. ह्या वर्साय सुटू नये." "व्हय म्हाराजा!" माझा हिशेब ठेवलेला असला तर तेवढाच, लोकांच्या तोंडात. मी मान खाली घालून उभा असायचो, पण खोटं कशाला बोलू, त्या हाकेसाठी मी वर्षभर थांबलेला असायचो.

मला चुकवण्याची खरी ताकद एकाच माणसात होती. माझा थोरला भाऊ. बापूस मी पाळण्यात असताना गेला. आई गेली ती गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हा, एका शिमग्यात, तापाने. मग घरात आम्ही दोघे. दादा भात करायचा तो एक तर कच्चा, नाही तर खालून करपलेला, आणि वर म्हणायचा, "गप खा, आवशीन तुका लाडान बिघडवल्यान." आई होती तेव्हापासूनचा आमचा एक खेळ होता. तळलेल्या बांगड्याचा शेवटचा तुकडा घेऊन त्याने खळ्यातून, म्हणजे अंगणातून, उंबऱ्यापर्यंत यायचं, मी उंबऱ्यावर उभं राहून त्याला अडवायचं. तो बोलत यायचा. सबंध वेळ काही तरी बडबडत, शेजाऱ्यांच्या म्हशीबद्दल, माझ्या नाकाबद्दल, आणि मला हसू आलं की आत. घरात त्याने मला किती वेळा चुकवलं सांगता येत नाही. वाळूत मात्र तो कधी माझ्या पाटीपर्यंत आलाच नव्हता. आधीच्या एखाद्या पाटीवर थट्टामस्करीत बाद व्हायचा आणि वर चढून चहा प्यायला जायचा. मला वाटायचं, मुद्दाम करतो.

आई गेल्याच्या पुढच्या शिमग्याला तो आला. एकेक पाटी चुकवत, बडबडत, शेवटच्या खणात. सकाळ संपत आली होती. मी पाटीवर, तो चार हातांवर, मागच्या पाटीवरचा आता निवांत उभा. सगळी वाडी किनाऱ्यावर ओरडत होती. "काय रे," तो म्हणाला, "आज बांगडो नाय हातात, तरी जातलंय." डावीकडे गेला, मी गेलो. उजवीकडे आला, मी आलो. त्याची सावली माझ्या रेघेला टेकायची आणि मागे जायची. मला हसू येत होतं आणि मी दात आवळून धरले होते. मग माझ्या टाचा ओल्या झाल्या.

आमचा नियम असा. भरतीचं पाणी शेवटच्या पाटीला लागलं की खेळ थांबला. त्या क्षणी जो ज्या खणात असेल त्याचा डाव तिथेच राहतो. बुडत नाही. रापणीत आमच्याकडे एकदा दोरीला हात लावलेल्याचा वाटा तो घरी आजारी पडला तरी राखून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. पुढच्या वेळी खेळ झाला की सगळ्यात शेवटी, पाणी तेवढंच जवळ आल्यावर, त्या गड्याने त्याच खणात उभं राहायचं आणि त्या दोघांनीच डाव पुरा करायचा. बाकीच्यांनी बघायचं. आणि तोवर त्याच्या खणात दुसऱ्या कोणी पाय ठेवायचा नाही.

"पाणी इलां!" तांडेल ओरडला. "डाव रवलो!"

दादा कमरेवर हात ठेवून हसत होता. मला म्हणाला, "वाचलंस."

दुसऱ्या दिवशी आईचं वर्षश्राद्ध होतं म्हणून आम्ही खेळलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा मुंबईला गेला. गोदीत कामाची ओळख लागली होती, आणि हे तो मला आठवडाभर सांगू शकला नव्हता. देवगड बंदरात मी त्याची वळकटी पडावात टाकली. बोट लांब उभी होती. तो पडावात चढला आणि माझं तोंड बघून म्हणाला, "असो रडव्यासारो काय बघतंस? माझो डाव रवलो आसा थंय. येतलंय." मी त्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या कशावर ठेवणार होतो?

घरी आलो आणि दोन माणसांचा भात टाकला. हे सगळेच सांगतात, पण करपला नाही म्हणून मला रडू आलं, हे माझं.

पुढच्या शिमग्याला तो आला नाही. सुट्टी नाही, असा निरोप गाववाल्याबरोबर आला. गाऱ्हाण्यात तांडेलाने माझं नेहमीचं सांगून झाल्यावर दादाला परत आणण्याची जोड आपणहून दिली. "आणि बा म्हाराजा, एक गडी खणात रवलो आसा. मुंबैक आसा. त्येका सुखाचो ठेव आणि परत हाड." "व्हय म्हाराजा!" त्या दिवशी त्या खणात कोणी पाय ठेवला नाही. माझ्या पाटीची ती अर्धी बाजू मोकळी, आणि उरलेल्या अर्ध्या बाजूने सगळे येत राहिले. अर्धीच पाटी राखायची म्हणजे पोरखेळ. मी एकेकाला टिपत होतो आणि डोळा सारखा रिकाम्या खणाकडे जात होता.

मग तसंच दरवर्षी. दादाचं तिकडेच लग्न झालं, मालवणकडच्याच मुलीशी. मला लग्नानंतर कळलं. पोरगा झाला, मग मुलगी झाली. निरोप यायचे, खुशाली यायची, एकदा माझ्यासाठी लोकरीचा मफलर आला. आमच्या हवेत लोकरीच्या मफलरचं काय करायचं ते देवालाच ठाऊक. मी तो खुंटीला लावून ठेवला. मला एक-दोन स्थळं सांगून आली होती. मुलीकडचे विचारायचे, घरात मोठं कोण? मी म्हणायचो, भाऊ. कुठे आहे? येणार आहे. मग ते चहा पिऊन जायचे.

मी एकटा होतो. याला दुसरा शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. रापणीत वीस-पंचवीस माणसांबरोबर दोरी ओढायचो, घामाला घाम लागायचा, आणि संध्याकाळी घरी आलो की आपण दिवसभरात कोणाशी काय बोललो ते आठवायचं नाही. मला कोणी हात लावत नव्हतं. आई डोक्यावर हात ठेवायची, दादा टपली मारायचा, ते दोन्ही गेले. वर्षातून चार-पाच दिवस मी माणसांना हात लावायचो, पाठीवर, दंडावर, खांद्यावर, आणि लोक ओरडायचे "बाद!" मला ते दिवस कशासाठी हवे असायचे ते लोकांना वाटे त्याहून वेगळं होतं.

तोवर वाडीतले गडी कमी होत चालले. एकेक जण मुंबईची वाट धरायचा. पाट्या कमी झाल्या. आधी एक पुसली, मग आणखी दोन. गोवा मोकळा झाला त्या सुमारास तर माणसं एवढी थोडी उरली की तरण्यांनी कुरकुर सुरू केली. अख्खा खण अडवून ठेवायचा तो कोणासाठी? ज्याची पोरं शाळेत जायला लागली, त्याच्यासाठी? एकाने तर तांडेलाला सुचवलं की त्याच्या बदली दुसरा कोणी उतरवा आणि डाव मिटवून टाका. मी तसा भांडणारा माणूस नाही, पण त्या दिवशी मी वल्हं उचललं होतं. "खणात पाय ठेवलात तर तंगडा मोडीन," असं काही तरी बोललो. तांडेलाने माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं आणि त्या पोराला म्हणाला, "त्येचो भाव आसा तो. तुझो नाय." विषय तिथेच मिटला. खण मोकळाच राहिला.

आज मला माझंच हसू येतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं होतं. जोवर डाव राहिला आहे, तोवर त्याला यावंच लागेल. घर, आईचं तुळशीवृंदावन, मी, यातल्या कशाने तो बांधलेला नव्हता. पण राहिलेला डाव सोडून कोणी जात नाही. आमच्यात तरी नाही.

आणि तो आला. सांगितल्याशिवाय, होळीच्या दुसऱ्या दिवशी, एसटीने. खळ्यात उभा राहिला तेव्हा मी जाळ्याचं भोक सांधत होतो. वर बघितलं तर टेरिलीनचा सदरा, पोट सुटलेलं, कानशिलं पांढरी. "भात करपवलंस की नाय?" त्याने विचारलं. मी उठलो, आणि काय करावं ते न कळून त्याच्या हातातली पिशवी घेतली.

बायको-पोरांना आणलं नव्हतं. त्या दिवशी मी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. त्याने तीन वेळा भात घेतला. गोदीतल्या गमती सांगितल्या, पोराची अक्कल सांगितली, बायको कोकमाऐवजी चिंच घालते म्हणून तक्रार केली. बोलण्यात तो तसाच होता. मी फक्त एक गोष्ट ऐकायची वाट बघत होतो. पुढच्या वेळी पोरांना घेऊन येतो, असं काही तरी. ते आलं नाही. मी विचारलंही नाही. माझ्या मनाला एवढं पुरे होतं की सकाळी पाट्या आहेत.

सकाळी तांडेलाने गाऱ्हाणं घातलं. तो आता वाकला होता, आवाज चिरकत होता. "बा देवा म्हाराजा, जो खणात रवलो होतो तो इलो आसा." मग त्याला पुढे काय म्हणायचं ते सुचेना. लोकांनीच "व्हय म्हाराजा!" करून त्याची सुटका केली. बायका, म्हातारे, सगळे वाळूवर आले होते. खेळ झाला तो नावापुरता. सगळ्यांचं लक्ष शेवटाकडे होतं. दादा वरच्या होडीला टेकून बसला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, शेजारच्या पोरांना काही तरी सांगून हसवत.

पाणी जवळ आलं तशी तांडेलाने त्याला हाक मारली. तो आला आणि आपल्या खणात उभा राहिला. इतक्या वर्षांनी त्या वाळूत पाय उमटले. ऊन वर चढलं होतं, सावली आखूड झालेली, त्याचं तोंड मला कधी नव्हे ते स्वच्छ दिसत होतं.

मला पहिल्या फटक्यातच कळलं की हा गडी गेला. डावीकडे हूल दिली ती पायाने नाही, नुसत्या मानेने. उजवीकडे वळताना त्याला दम लागला. मी नुसता हात लांब केला असता तर तो बाद होता. मी हात लांब केला नाही. हात पसरून त्याच्यासमोर इकडून तिकडे जात राहिलो, जणू फार मोठा झुंजार गडी कोंडीत धरला आहे. तो पुढे आला की मी हात आखडायचो, तो एका बाजूला सरकला की मी वाट बुजवायचो. त्याला जाऊ द्यायचं नव्हतं आणि बादही करायचं नव्हतं. आधी लोक ओरडत होते, मग कुजबुज सुरू झाली. "हात लाव मरे!" कोणी तरी म्हणालं.

माझं सगळं ध्यान टाचांकडे होतं. मागे लाट फुटल्याचा आवाज जवळ येत होता. आणखी थोडं. दोन लाटा, तीन लाटा. पाणी रेघेला लागलं की डाव पुन्हा राहील. राहिला की त्याला पुढच्या शिमग्याला यावं लागेल. नाही तर त्याच्या पुढच्या. मी मनात म्हणत होतो, ये बाबा, लवकर ये, आणि ते मी समुद्राला म्हणत होतो.

दादा थांबला. गुडघ्यांवर हात ठेवून दम खाल्ला. मग त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाणी बघितलं, आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याला कळलं. माझ्या मनातलं त्याला नेहमीच कळायचं, म्हणून तर उंबऱ्यावर तो मला चुकवायचा.

तो बडबडला नाही. हळू, मलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "नको रे. माका आता येवक जमाचा नाय. तू वाट बघू नको."

आणि चालत आला. हूल नाही, काही नाही, देवळात जावं तसा सरळ. माझे हात पसरलेले होते ते मी खाली घेऊ शकलो असतो. मागे सरकू शकलो असतो का? नाही, मागे पाटी संपते. तो आला आणि माझ्या उजव्या तळव्यावर छाती टेकून उभा राहिला. सदरा घामाने चिकट झाला होता. आत त्याचं काळीज धडधडत होतं. माझा हात काढायला मला सुचेना. त्यानेच वर आपला हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. तेवढ्यात पहिलं पाणी माझ्या टाचांना लागलं.

"बाद!" किनारा ओरडला.

कोणी तरी वाद घातला की गडी आपण होऊन आला, हे धरायचं का? तांडेल म्हणाला, "हात लागलो म्हणजे बाद." आणि नारळ फोडायला वळला.

दादा दुपारच्या एसटीने गेला. खिडकीतून त्याने हात हलवला, मीही हलवला. मग धुळीत गाडी दिसेनाशी झाली आणि मी जाळं सांधायला घरी आलो.

पुढच्या शिमग्याला आम्ही थोडेच गडी उरलो होतो, तरी पाट्या आखल्या. माझ्या पाटीचे दोन्ही खण आता मोकळे होते, कोणीही कुठूनही यावं. तांडेलाने नारळ धरला. "बा देवा म्हाराजा, शेवटच्या पाटयेर जो उभो आसा, त्येच्या हातसून अजून कोण सुटलो नाय. ह्या वर्साय सुटू नये." सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मी मान खाली घालून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. तांडेलाने नारळ खाली ठेवला, आणि खेळ सुरू झाला.